घरचा म्हातारा बैल

ज्याच्या जाण्याने घरात चूल पेटत नाही आणि शेजारपाजार दारात येऊन बसतो, असे यवतमाळ जिल्ह्यातले जनावर म्हणजे बैल. वर्धा आणि पैनगंगा या दोन नद्यांमधल्या काळ्या जमिनीत वखर, तिफण, डवरा ही अवजारे आणि बंडी म्हणजे बैलगाडी ओढली ती बैलाने. चांगला सांभाळलेला बैल अठरा-वीस वर्षे जगतो आणि त्यांतली दहा-बारा वर्षे जुवाखाली काढतो. घरातले मूल पहिलीत जाते तेव्हा जुंपलेली जोडी त्याच्या लग्नाच्या सुमारास म्हातारी झालेली असते. बैल गेल्यावर घर रडते ते या एवढ्या लांब सोबतीसाठी.

बैल घरात येतो दोन वाटांनी. एक म्हणजे घरच्याच गाईचा गोऱ्हा. त्याची आई, आजी सगळ्यांना ठाऊक असते, वासरूपणी त्याच्यामागे घरातली बाई धावलेली असते, आणि शेवटी तो जातो तेव्हा तिचे दुःख धन्यापेक्षा कमी नसते. दुसरी वाट बाजाराची. वणीची रंगनाथस्वामींची यात्रा बैलबाजारासाठी विदर्भात ओळखली जाते. बैलबाजारात भाव ठरतो तो रुमालाखाली, एकमेकांची बोटे दाबून. पण त्याआधी बैलाचे तोंड उघडून दात पाहिले जातात. गुरांना वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, खाली आठ असतात. दुधाचे दात पडून पक्क्या दातांची पहिली जोडी साधारण दोन वर्षांनंतर येते. मग बैल चारदाती, सहादाती होतो आणि पाच वर्षांच्या आतबाहेर त्याचे तोंड जुळते. पुढे दात झिजू लागतात. गिऱ्हाईक वय विचारत नाही, ते दातांवरून पाहते. वर्धा-नागपूरकडचा पांढरा, हलक्या अंगाचा, चालीला तेज गवळाऊ आणि नांदेडच्या बाजूने उमरखेड-पुसदकडे येणारा लाल कंधारी यांना भाव असतो, पण बहुतेक कोठ्यांत, म्हणजे गोठ्यांत, बांधलेला असतो तो गावरान बैलच. रंगावरून, शिंगांवरून किंवा कपाळावरच्या खुणेवरून त्याचे नाव पडते: ढवळ्या, पवळ्या, मोऱ्या, बांड्या, चांद्या. नाव पडले की तो घराच्या बोलण्यात येतो. ‘चांद्या लंगडतो’ ही बातमी मग जेवताना सांगितली जाते.

दोन-अडीच वर्षांचा झाल्यावर गोऱ्ह्याच्या नाकात वेसण जाते. त्याला खच्ची करण्याची जुनी पद्धत ठेचण्याची होती आणि ती फार क्रूर होती. आता सरकारी दवाखान्यात चिमट्याने हे काम होते. त्यानंतर येते जू. नव्या गोऱ्ह्याला शहाण्या, सबुरीच्या म्हाताऱ्या बैलाच्या जोडीला जुंपतात. गोऱ्हा उधळतो, बसतो, जू टाकतो. म्हातारा उभा राहतो आणि पुन्हा चालू लागतो. हाकणाऱ्या धुरकऱ्याच्या टोचणाऱ्या तुतारीपेक्षा हे शिकवणे जास्त लागू पडते. म्हाताऱ्या बैलाचे हे काम हिशेबात कुठेच धरले जात नाही, आणि ते धरले जायला हवे. डाव्या-उजव्या अंगाची सवयही याच काळात लागते. ज्या अंगाला शिकला त्याच अंगाला बैल आयुष्यभर चालतो; बाजू बदलली की चांगला बैलही बावरतो.

जोडीचे वर्ष उन्हाळ्यातल्या वखरणीपासून सुरू होते. मृगाचा पाऊस पडला की तिफण निघते, तूर-सोयाबीन पेरले जाते, कपाशी टोबण्यासाठी तास पाडले जातात. मग डवरणी, म्हणजे उभ्या पिकातले तण डवऱ्याने काढणे. गुडघाभर पिकाच्या दोन ओळींमधून, तोंडाला मुसके बांधलेले असताना, एकही झाड न तुडवता चालत जायचे हे काम जाणत्या जोडीचेच. यवतमाळच्या शेतीत बैलाची खरी पारख डवऱ्यावर होते, शर्यतीत नव्हे. तासाच्या शेवटी धुऱ्याशी, म्हणजे बांधाशी, आला की अनुभवी बैल हाक ऐकण्याआधीच वळतो. दिवाळीपासून कापूस निघतो. पूर्वी तो बंड्यांनी वणी, पांढरकवडा, यवतमाळच्या जिनिंगांत आणि दारव्ह्याच्या बाजूला शकुंतला रेल्वेच्या स्टेशनांवर जाई. परतीच्या रात्री धुरकरी रिकाम्या बंडीत झोपून जाई आणि जोडी वाट न चुकता घरी येई. ही गोष्ट गावागावांत सांगितली जाते, आणि गुरांना रस्ता किती नेमका लक्षात राहतो हे माहीत असलेल्याला तिच्यात अतिशयोक्ती दिसत नाही.

या कष्टाची पोच पोळ्याला मिळते. श्रावणी अमावास्येच्या आदल्या दिवशी खांदशेकणी होते. जुवाने घट्टा पडलेला खांदा गरम पाण्याने शेकून त्याला हळद आणि तूप किंवा लोणी चोळतात आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आवतण बैलाच्या कानात सांगतात. पोळ्याच्या संध्याकाळी गावाच्या आखरावर तोरणाखाली जोड्या उभ्या राहतात, झडत्या, म्हणजे पोळ्याची कवने, म्हटल्या जातात, मानाची जोडी पुढे सरकली की पोळा फुटतो. नंतर घरोघरी बैलाचे पाय धुऊन ओवाळणी होते, पुरणपोळी भरवली जाते. काम थांबलेल्या म्हाताऱ्या बैलाला गर्दीत नेत नाहीत. झूल त्याला जड होते, वाजंत्रीने तो दचकतो. पण कोठ्यातच त्याचा खांदा शेकणारी घरे आहेत. पोळ्याच्या सगळ्या विधीत एवढा भाग सर्वांत मोलाचा आहे, कारण त्या खांद्यावर पुढे जू ठेवायचे नसते.

म्हातारपण दातांपासून सुरू होते. झिजलेल्या दातांनी कडबा चावला जात नाही, रवंथ अपुरा राहतो, पोटभर खाऊनही अंग उतरते. मागचे पाय थरथरतात, बैल जोडीदाराच्या मागे पडू लागतो. काही बैलांना शिंगाचा कर्करोग होतो. भारतीय बैलांत तो जुन्या काळापासून आढळतो: शिंग एका बाजूला कलते, नाकातून रक्त येते, बैल डोके झटकत राहतो. वेळीच ओळखला तर शस्त्रक्रियेने शिंग काढून बैल वाचू शकतो.

इथे घरापुढे प्रश्न उभा राहतो: ठेवायचा की विकायचा? पूर्वी म्हातारा बैल बाजारात जाई आणि त्याचे पुढे काय होते हे सगळ्यांना माहीत असे. १९७६ च्या महाराष्ट्र प्राणी संरक्षण कायद्याने गाईच्या कत्तलीला बंदी केली होती, बैलाला दाखला घेऊन परवानगी होती. मार्च २०१५ मध्ये लागू झालेल्या दुरुस्तीने बैलालाही ही बंदी आली. तेव्हापासून म्हाताऱ्या बैलाला जवळपास किंमत राहिलेली नाही आणि त्याच्या चाऱ्याचा भार मात्र कोरडवाहू शेतकऱ्यावरच आहे. नव्या बैलासाठी जुना विकणाऱ्या माणसाला निर्दयी ठरवणे अन्यायाचे आहे. मंगेश हाडवळे यांच्या ‘टिंग्या’ (२००८) या चित्रपटात हीच अडचण आहे. तो जुन्नरकडच्या गावातला आहे: जायबंदी झालेला बैल विकल्याशिवाय बापाला पेरणीचा बैल घेता येत नाही, आणि मुलाला तो भाऊ वाटतो. मुलाची भूमिका करणाऱ्या शरद गोयेकरला उत्कृष्ट बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. यवतमाळच्या प्रेक्षकाला त्या चित्रपटात परके असे फार थोडे आहे.

ठेवलेल्या बैलाची शेवटची वर्षे घराचे बरेच कष्ट घेतात. कडबा बारीक कापावा लागतो, ढेप भिजवून द्यावी लागते, कुटारात म्हणजे भुशात कोंडा मिसळावा लागतो. एके दिवशी तो बसतो आणि उठत नाही. त्यानंतरची काळजी सर्वांत अवघड. बैल एका कुशीवर आडवा पडून राहिला तर पोटातला वायू बाहेर पडत नाही, पोट फुगते आणि तेवढ्याने जीव जाऊ शकतो. म्हणून त्याला छातीवर बसते ठेवावे लागते, दोन्ही बाजूंना कुटाराची भरलेली पोती लावावी लागतात, दर दोन-चार तासांनी कूस बदलावी लागते. नाहीतर खालच्या बाजूला जखमा होतात. हे काम एकट्याचे नाही. चार माणसे दोर आणि पोत्यांचा झोला करून त्याला उचलून उभे करतात, रात्री पुन्हा तेच. पशुवैद्यकाचे सलाइन, दुखणे कमी करणारे औषध हे सगळे होते. उठेल की नाही हे मात्र बैल खाणे सोडतो तेव्हा घराला कळते.

दुखण्यावरच्या औषधाचा एक मोठा परिणाम इथे नोंदला पाहिजे. जनावरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक मेलेल्या गुरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेले आणि मूत्रपिंडे निकामी होऊन देशभरातली गिधाडे जवळपास संपली. २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. मेलॉक्सिकॅम हा सुरक्षित पर्याय आहे. म्हाताऱ्या बैलाच्या वेदना कमी करताना कोणते औषध दिले जाते हे विचारणे शेतकऱ्याच्या हातात आहे.

बैल गेल्यावर त्याला पुरण्याची रीत आज सर्वत्र दिसते, पण ती पूर्वापार सर्वांची नव्हती. मेलेले जनावर ओढून नेण्याचे काम जातीच्या नावाने महारांवर लादलेले होते आणि कातडी सोललेले शरीर गावाबाहेर टाकले जाई. १९२७ मध्ये महाडच्या परिषदेपासून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हे काम सोडण्याचे आवाहन केले आणि लोकांनी ते सोडले. तेव्हा कुठे धन्याने स्वतः खड्डा खणायला सुरुवात केली. ज्याने बैलाकडून काम घेतले त्यानेच त्याला माती द्यावी, हे त्या चळवळीमुळे घडले. आता शेताच्या कोपऱ्यात, धुऱ्याजवळ खोल खड्डा होतो, कुत्र्यांनी उकरू नये म्हणून. शरीर बंडीवरून नेतात. कधी ती बंडी त्याच्याच जोडीदाराला ओढावी लागते. नवे कापड, हळद-कुंकू, हार, मग मीठ आणि माती. वेसण आणि घुंगुरमाळ काढून घरी आणतात, कोठ्याच्या खुंटीला अडकवतात.

सर्वांत उघड शोक करतो तो उरलेला बैल. तो रिकाम्या दावणीकडे तोंड करून उभा राहतो, हंबरतो, वैरण तशीच ठेवतो. याला माणसाची भावुकता म्हणून उडवून लावण्याचे कारण नाही. गुरे कळपात ठरावीक सोबत्याजवळच राहतात. त्या ओळखीच्या सोबत्याजवळ असताना त्यांच्या हृदयाचे ठोके संथ राहतात असे इंग्लंडमधल्या अभ्यासात दिसले आहे. इथे तर दोघे दहा वर्षे एका जुवाखाली पाऊल मिळवून चाललेले असतात. नवा जोडीदार आणला तरी जुना बैल त्याच्याशी चाल जुळवत नाही. जू वाकडे होते, तास तिरपा जातो. काही बैल महिन्या-दोन महिन्यांत रुळतात. काही रुळत नाहीत, आणि मग जाणता धनी त्यांना कामातून सोडतो. एकट्या बैलाला शेळी किंवा कालवड शेजारी बांधली तर तो लवकर खाऊ लागतो, असे गायकी, म्हणजे गुराखी, सांगतात.

माणसांचा शोक घराघराने वेगळा. कुणी त्या दिवशी स्वयंपाक करत नाही, कुणी खड्ड्यावर कडुनिंब लावतो. बैलाची तेरवी करून गावाला जेवण दिल्याच्या बातम्या महाराष्ट्रातल्या वर्तमानपत्रांत अधूनमधून येतात. सरकारी कागदावर मात्र म्हाताऱ्या बैलाचे मरण नसते. वीज पडून किंवा पुरात बैल गेला तर आपत्ती निधीतून मदत आहे. टिपेश्वर अभयारण्याच्या भोवती, पांढरकवडा-झरी-मारेगावकडे वाघाने बैल नेला तर वनखाते पंचनामा करून भरपाई देते. वयाने गेलेल्या बैलासाठी काही नाही.

२०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रातला गोवंश २०१२ च्या तुलनेत सुमारे दहा टक्क्यांनी घटलेला आढळला. पेरणी आता अनेक ठिकाणी ट्रॅक्टरने होते. डवरणीला मात्र अजून बैल लागतो आणि छोट्या शेतकऱ्याला तो परवडेनासा झाला आहे. ऐन हंगामात जोडी मोडली की दुःख तर होतेच, पेरणीही बुडते. अशा घरी शेजाऱ्याने आपली जोडी घेऊन जावे, दोन दिवस तिफण धरावी आणि मग बैलाची आठवण काढावी. पेरणी साधली तर त्या घराला रडायला तरी मोकळीक मिळते.