गुळ्याचं तोंड

लॅब्राडोर कुत्र्याचं सगळं चरित्र त्याच्या तोंडात असतं. बाकीच्या जातींनी चावून, धरून, फाडून नाव कमावलं. यांनी कमावलं ते न चावता आणून देण्याबद्दल. यांचे पूर्वज कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावर कोळ्यांच्या हाताखाली राबत. जाळ्यातून निसटलेला मासा, पाण्यात पडलेला दोर पोहत जाऊन आणायचा, हे त्यांचं काम. एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-स्कॉटलंडच्या जमीनदारांनी त्यांना उचललं आणि बंदुकीनं पाडलेली बदकं आणायला लावलं. १९०३ साली तिकडच्या केनेल क्लबनं स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली. आणलेल्या पक्ष्यावर दात उमटला की तो कुत्रा बाद. अशी पिढ्यान्‌पिढ्या निवड होत आलेला एक जीव २०११ साली आमच्या घरी आला, पंचगंगेच्या काठी, चिखली-वडणग्याच्या बाजूला, उसात. आणि उसात तोंड लावू नये अशा गोष्टीच जास्त. घोणस, नाग, मण्यार, फुरसं, चारही विषारी मंडळी आमच्या जिल्ह्यात नांदतात.

रंग गुळाचा, म्हणून नाव गुळ्या. नाव आजीनं ठेवलं. आणला मात्र आबांच्या हट्टापायी.

आबांची उमेद एका एकनळी बंदुकीबरोबर गेली. कोल्हापूर तसं शिकारीचंच संस्थान. चित्त्यांकडून काळवीट धरण्याचा शौक इथं एवढा चालला की देशातले चित्ते मिळेनासे झाल्यावर आफ्रिकेतून मागवले गेले. दाजीपूरचं रान म्हणजे दरबारची राखीव शिकार. ते १९५८ साली अभयारण्य झालं. दरबारी थाट आबांच्या वाट्याला आला नाही. ते हिवाळ्यात तळ्याकाठी पहाटे दबा धरून हळदीकुंकू बदकं मारायचे, एवढंच. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं तेही थांबलं. पुढं त्या बंदुकीला एकच काम उरलं: निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा व्हायचं आणि निकाल लागला की परत यायचं. पाडलेलं बदक गुडघाभर गाळातून स्वतः आणावं लागे, याची मात्र आबांना तेव्हापासून रुखरुख होती. चांगलं आणणारं कुत्रं त्यांना कधी मिळालंच नाही. ते मिळालं शिकार बंद झाल्यावर चाळीस वर्षांनी. मी म्हटलं, आबा, आता आणायला आहे काय? ते म्हणाले, "बंदूक बंद झाली रं. कुत्र्याचं नाक कुठं बंद झालंय?"

शिकवायला गावातलेच एक हवालदार मामा होते, पोलिसांच्या श्वानपथकातून निवृत्त झालेले. त्यांनी पहिल्यांदा गुळ्याला नव्हे, आम्हाला शिस्त लावली. हुकूम एकच, शब्द एकच, देणारा माणूस एकच. घरातल्या सगळ्यांनी वेगवेगळ्या तऱ्हेनं 'ये' म्हटलं तर कुत्रं कुणाचंच ऐकत नाही. गोणपाटाच्या तुकड्यात भाताचं तूस भरून, सुतळीनं आवळून त्यांनी एक वळकटी केली. बदकाच्या वजनाची व्हावी म्हणून आबांनी ती हातात तोलून पाहिली आणि आणखी दोन मुठी तूस भरायला लावलं. वळकटी टाकायची, गुळ्यानं बसून राहायचं. ती पडताना बघायची, पण जायचं नाही. "आण" म्हटल्यावर जायचं, उचलून थेट समोर यायचं, बसायचं आणि "दे" म्हटल्यावरच तोंड उघडायचं. जमिनीवर टाकलं तर ते काम धरलं जात नाही. धावणं-आणणं गुळ्याच्या रक्तातच होतं, ते दोन दिवसांत आलं. बसून राहणं यायला पावसाळा उलटला.

सराव पहाटेच. लॅब्राडोरच्या अंगावर दोन थर केस असतात, थंड समुद्रासाठी दिलेले; आमच्या मार्च-एप्रिलच्या उन्हात त्याला नऊनंतर पळवणं म्हणजे उष्माघाताला बोलावणं. नंतर तो गोठ्यात म्हशींच्या ओल्या फरशीवर पोट टेकून पडे. म्हशींनी त्याला कधी हरकत घेतली नाही.

त्याची बदनामी मात्र घरात झाली. चपला, उंबऱ्यावरचं माप, शेजाऱ्यांचं वर्तमानपत्र, वाळत घातलेले टॉवेल, एकदा गोठ्यातून अख्खं अंडं, न फुटलेलं. जे आणील ते आबांच्या पुढ्यात. आजी म्हणे, "ह्याच्या तोंडाला कशाची म्हणून वळख न्हाई." आजी कुत्र्यांची जाणकार नव्हे, पण दुखणं तिनं नेमकं ओळखलं होतं. शिकारी कुत्र्याचा सगळा गुण, दिसेल ते हळुवार उचलून धन्याला देणं, सापाच्या मुलखात त्याच्या जिवावर उठणारा. हवालदार मामांनीही ते मान्य केलं. म्हणाले, ह्याला 'आण'पेक्षा 'सोड' जास्त शिकवायला लागंल.

परदेशात, अमेरिकेत किंवा ऑस्ट्रेलियात, कुत्र्यांना सापापासून लांब ठेवायला गळ्यात विजेचा पट्टा बांधतात. पिंजऱ्यातला साप दाखवतात, कुत्रं जवळ गेलं की झटका. आपल्याकडे साप धरून डांबणंच कायद्यानं गुन्हा, त्यामुळं तो प्रश्न मिटलेला आहे, आणि बरंच आहे. झटका नेमका कशाबद्दल बसला हे कुत्र्याला कोण सांगणार? ते सापाऐवजी बांधाला भ्यायला लागतं, नाहीतर मालकाला. आमचं काम भाकरीपासून सुरू झालं. समोर भाकरी, "सोड". मान वळवून माझ्याकडं बघितलं की हातातून दुसरा, मोठा तुकडा. मग हाड. मग अंगणातला भेक. हा धडा पुरा व्हायच्या आधीच भेकानं स्वतः दिला. गुळ्यानं त्याला तोंडात धरलं आणि पुढचा अर्धा तास तो फेस गाळत, पंजानं जीभ पुसत बसला. भेकाच्या कातडीतून झोंबणारा द्राव सुटतो. त्यानंतर भेक दिसला की गुळ्या दुसरीकडं काहीतरी महत्त्वाचं असल्यासारखा बघायचा.

जोतिबाच्या यात्रेतून आणलेला रबरी साप साफ फसला. त्यानं तो मोठ्या मानानं उचलून स्वयंपाकघरात आजीच्या मांडीवर ठेवला. पुढचं लिहीत नाही. रबराला सापाचा वास नसतो, आणि कुत्र्याच्या लेखी वास नाही तो साप नाही. खरा उपयोग झाला कातीचा. कुंपणाच्या घाणेरीत, दगडांच्या पौळीत कात दिसली की ती न हलवता गुळ्याला पट्ट्यानं तिथंच न्यायचं. नाक वळलं की "सोड", मागं फिरला की भाकरी. पुढं पुढं तो कातीचा वास आला की आपणहून थांबून खाली बसायला लागला. आम्ही तेवढं शिकवलंच नव्हतं. 'सोड' आणि 'बस' यांची गाठ त्यानंच घातली.

तरीही पाण्यात तो आपल्या मनाचा मालक होता. तिथं वासाचा धडा उपयोगी पडत नसे. एका पावसाळ्यात तो पाटातून वळकटी आणायला गेला आणि येताना तोंडात काहीतरी वळवळत होतं. दिवड. बिनविषारी, पण रागीट. ती त्याच्या नाकाला, ओठाला चावे घेत होती आणि हा डोळे बारीक करून, दात न लावता, शिकवल्याप्रमाणे समोर येऊन बसला. मी "दे" म्हणायला धजत नव्हतो. आबा म्हणाले, "म्हण की. हुकूम न देता किती येळ धरंल ते?" "दे" म्हटलं, तोंड उघडलं, दिवड पाटात सुळकन गेली. अंगावर तिच्या ओरखडाही नव्हता. गुळ्याच्या नाकावर रक्ताचे बारीक थेंब. आबांच्या तोंडावर त्या दिवशी जो आनंद होता तो मला थोडा अनाठायी वाटला, पण त्यांनी चाळीस वर्षं अशाच तोंडाची वाट बघितली होती.

राहण्याची व्यवस्थाही सापाच्या हिशेबानं. मण्यार रात्री फिरते, अंथरुणात शिरते आणि तिचा दंश कळतही नाही. म्हणून गुळ्याची झोपायची जागा खाटेवर. सरपणाची रास घरापासून लांब, बांधावरचं गवत कापलेलं, कणगीजवळ उंदीर राहू द्यायचे नाहीत. उंदीर आला की मागं धामण येते, धामणीच्या जागी कधी घोणसही. रोज संध्याकाळी त्याची तपासणी होई: कानात गोचीड, पंजांच्या बेचक्यात कुसळं, उसाच्या पानानं डोळ्याला कापलंय का. गोचिडाच्या तापानं आमच्याकडं जेवढी कुत्री जातात तेवढी सापानं जात नसावीत. पुराच्या पाण्यातून उंदराच्या मुतानं पसरणाऱ्या लेप्टोची लस रेबीजबरोबरच दर वर्षी. आजी या सगळ्याला "बाळंतिणीचं कौतुक" म्हणायची आणि गुपचूप त्याला साय चारायची.

घोणस चावली ती २०१५ च्या जानेवारीत, ऊसतोड चालू असताना. तोड कडेकडेनं आत सरकते तसे उंदीर आणि त्यांच्या मागचे साप शेवटच्या पट्ट्यात गोळा होतात, हे सगळ्यांना ठाऊक. आम्ही त्या पट्ट्यापासून लांब बांधावर उभे होतो. वाऱ्यानं आबांची टोपी उडाली आणि पाचटात पडली. गुळ्या गेला, टोपी उचलली, वळला. त्याच वेळी ती फुसफुस ऐकू आली, कुकरची वाफ सुटावी तशी लांबलचक. तोंडाला आम्ही एवढं शिकवलं. चावली ती पुढच्या पायाला. पाचटाखाली पाय पडला असणार. तो एकदाच क्यँक् करून उडाला, पण टोपी सोडली नाही. तीन पायांवर आला, आबांच्या समोर बसला आणि वाट बघत राहिला. आबांना शब्द फुटेना. शेवटी मीच "दे" म्हटलं. त्यानं माझ्याकडं बघितलंही नाही. टोपी ज्याची होती त्यानं म्हणेपर्यंत तो तसाच बसून होता.

पट्टी आवळायची नाही, चिरायचं नाही, चालवायचं नाही. उचलून जीपमध्ये घातला. दवाखान्यात पोहोचेपर्यंत पाय खांद्यापर्यंत सुजला होता आणि दोन दातांच्या जागांतून रक्त थांबत नव्हतं. डॉक्टरांनी थोडं रक्त कोरड्या काचेच्या नळीत काढून टेबलावर ठेवलं आणि घड्याळ लावलं. वीस मिनिटांनी नळी तिरकी केली. रक्त पाण्यासारखं वाहिलं, गोठलंच नव्हतं. घोणशीचं विष रक्ताची गोठण्याची शक्तीच संपवतं आणि मग मूत्रपिंडांवर जातं.

कुत्र्यांसाठी आपल्याकडं सर्पविषावरची निराळी लस नाही, माणसांचीच. घोड्यांना थोडंथोडं विष टोचून त्यांच्या रक्तातून ती काढतात. हाफकिनसारख्या संस्था ती बनवतात आणि त्यासाठी लागणारं बरंचसं विष तमिळनाडूतल्या इरुळा लोकांच्या सहकारी संस्थेतून येतं. एकच लस चारही सापांवर चालते. कुत्रं लहान म्हणून मात्रा लहान, असंही नसतं, कारण सापानं सोडलेलं विष तेवढंच असतं. २००० ते २०१९ या वर्षांत भारतात सर्पदंशानं सुमारे बारा लाख माणसं गेली असा अंदाज आहे. असल्या देशात माणसांची लस कुत्र्याला टोचताना मनात काही येत नाही, असं म्हणणारा माणूस मला भेटायचाय. आलं, आणि तरी टोचली. डॉक्टर पावडरीच्या बाटलीत पाणी घालून ती तळव्यांमध्ये सावकाश फिरवत होते. खळखळ हलवली तर फेस होतो आणि औषध वाया जातं. शेजारी अ‍ॅड्रेनलिन भरून ठेवलेलं, घोड्याच्या रक्ताची अ‍ॅलर्जी उठली तर. सहा तासांनी पुन्हा नळी, पुन्हा लस. लघवी लाल होत होती. पहाटेच्या नळीत रक्त गोठलं तेव्हा डॉक्टरांनी पहिल्यांदा चहा मागवला.

पायाची कातडी पुढं काळी पडून सुटली. जखम भरायला उन्हाळा लागला आणि चालीत लंगड कायमची राहिली. कामाची गोडी मात्र गेली नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४३. आम्ही जनावरांसह आधीच उंचावर नातेवाइकांकडं हललो होतो. पाणी उतरल्यावर परतलो तर घरभर गाळ आणि पुरात वाहून आलेले साप कुठंही. गुळ्या पुढं लंगडत गेला आणि कोठीच्या दारात बसला. "चल" म्हटलं, हलेना. हाक मारली, मान वळवून माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा आत. आबा म्हणाले, "आत जाऊ नगा." सर्पमित्र आले तेव्हा कणगीमागं, भिजलेल्या पोत्यांत नाग होता. हवालदार मामांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, पथकात असता तर बिल्ला मिळाला असता. आजीनं साय दिली, या वेळी उघडपणे.

म्हातारपणी त्याचे खुबे गेले, मग कान. शिट्टी ऐकू येईना तेव्हा आबा हातानं खुणा करायचे. हातवारे त्याला पहिल्यापासून येत होतेच. वळकटी टाकायची ती चार पावलांवर. २०२३ च्या उन्हाळ्यात तो गेला. बांधावर आंब्याखाली पुरला.

आता दारात काळी आहे, गावठी, कुणी न आणलेली, आपणच येऊन राहिलेली. तिला कुणी काही शिकवलेलं नाही. साप दिसला की दहा हातांवरून भुंकते, पाऊल पुढं टाकत नाही. वळकटी टाकली की आधी वळकटीकडं, मग माझ्याकडं बघते आणि झोपते. आबांना तिच्यात काडीचा रस नाही. आजी म्हणते, "हिला अक्कल हाय."