डग्गा हरवला होता

रेकॉर्ड लावली की तबला ऐकू यायचा, डग्गा मात्र नाही. चाटेवरचा ‘ना’ टणटणीत, हार्मोनियमच्या वरच्या पट्ट्या स्वच्छ, पण ‘धा’मधला घुमार गायब. टर्नटेबल जुनं असलं तरी दुरुस्तीवाल्याने नवं कार्ट्रिज बसवून, तपासून दिलेलं होतं. त्यामुळे त्याच्याकडे कुणी बोट दाखवत नव्हतं.

ज्याला सांगावं तो काहीतरी विकत घ्यायला सुचवायचा. तापकीर गल्लीतला एक मुलगा म्हणाला, “काका, सबवूफर लावा, भिंती हलतील.” मला भिंती हलवायच्या नव्हत्या, ठेका ऐकायचा होता. मित्राने बेसचं बटण पूर्ण फिरवायला सांगितलं. फिरवलं, तर डग्ग्याऐवजी मोटरची घरघर तेवढी वाढली.

अशा तक्रारीत पहिला संशय फोनो प्रीॲम्पवर घ्यावा, हे बरोबरच आहे. खालचे सूर पूर्ण ताकदीने कोरले तर खाच इतकी रुंद नागमोडी होते की एलपीच्या एका बाजूवर फारसं काही मावायचं नाही. म्हणून कोरताना खर्ज दाबतात, वरचे सूर उचलतात आणि वाजवताना उलट करतात. १९५४च्या सुमारास अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेने याचं एक प्रमाण ठरवलं, ते आरआयएए. त्यानुसार ५० हर्ट्‌झचा सूर १००० हर्ट्‌झच्या तुलनेत सुमारे सातपट वाढवावा लागतो. हे काम प्रीॲम्प करतो. मॅग्नेटिक कार्ट्रिजमधून येतात जेमतेम चार-पाच मिलिव्होल्ट; ते थेट ऑक्समध्ये घातले तर आवाज किरकिरा, पातळ आणि शिवाय अगदी बारीक येतो. माझ्याकडे आवाज भरपूर होता, वायर फोनोच्याच सॉकेटात होती. म्हणजे दुखणं वेगळं.

त्याच ॲम्प्लिफायरला मोबाइल जोडून तबल्याचंच एक सोलो वादन लावलं. डग्गा छान घुमला. स्पीकर, त्यांच्या वायरी आणि खोली, तिघंही निर्दोष सुटले. टोनआर्मचा भार छोट्या काट्यावर मोजला, तो कार्ट्रिजच्या कागदावर लिहिल्याप्रमाणेच निघाला.

मग सहज बॅलन्सचं बटण पूर्ण डावीकडे नेलं. एकाच स्पीकरमधून ठेका भरीव वाजायला लागला! उजवीकडे नेलं, तिथेही भरीव. मधे आणलं की पुन्हा पोकळ. दोन स्पीकरांपेक्षा एकात खर्ज जास्त, हे ऐकलं आणि घोडं कुठे अडलंय ते कळलं. एका स्पीकरचा पडदा पुढे येताना दुसऱ्याचा मागे जात असला, तर खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात. वरच्या सुरांच्या लहरी आखूड असल्याने त्यांचं तितकं नुकसान होत नाही. शिवाय स्टिरिओ एलपीतही खर्ज बहुधा दोन्ही वाहिन्यांत सारखाच ठेवतात, कारण तो उलटसुलट कोरला तर सुई वर-खाली उडण्याचा धोका असतो. म्हणून अशा चुकीचा फटका नेमका डग्ग्याला बसतो.

खात्री करायला ख्यालाची एक जुनी मोनो एलपी लावली आणि ॲम्प्लिफायरचं ‘मोनो’ बटण दाबलं. गायक जवळजवळ नाहीसा झाला! तबला, तानपुरा, सगळी मैफल उठून गेली आणि मागे उरली फक्त रेकॉर्डवरच्या ओरखड्यांची टकटक. दोन्ही वाहिन्यांत तंतोतंत एकच आवाज, पण उलट्या खुणेचा. बेरीज जवळपास शून्य. इतका स्पष्ट पुरावा मी तरी दुसऱ्या कुठल्या बिघाडात पाहिलेला नाही.

मित्र म्हणाला, “एका स्पीकरच्या वायरी उलट्या कर, झालं.” रेकॉर्डपुरतं ते जमलं असतं, पण मग मोबाइलवरचा डग्गा गेला असता. चूक होती तिथेच दुरुस्त करायला हवी.

प्लग काढला, सुईवर तिचं टोपण चढवलं, हेडशेल सोडवून उजेडात धरलं. कार्ट्रिजच्या मागे चार बारीक वायरी असतात: पांढरी डाव्या वाहिनीची धन, निळी ऋण, लाल उजव्या वाहिनीची धन, हिरवी ऋण. दुरुस्तीवाल्याने लाल आणि हिरवी यांची अदलाबदल केली होती. बारीक चिमट्याने दोन्ही क्लिपा धरून ओढल्या आणि आपापल्या पिनांवर बसवल्या. डाग द्यायची गरज नसते, किंबहुना पिनांना सोल्डरिंग गन लावूच नये, उष्णतेने आतलं केसासारखं वेटोळं तुटू शकतं. मागे एक बारीक गुणगुण यायची, तीही थांबली. काही कार्ट्रिजच्या धातूच्या आवरणाला एका वाहिनीचं ऋण टोक जोडलेलं असतं, ते धनवर गेलं की असं होतं.

तीच एलपी पुन्हा लावली. मोनो बटण दाबलं तरी गायक जागचा हलला नाही, आणि डग्गा दोन्ही स्पीकरांच्या बरोबर मधून आला.

जुन्या पेटीवजा प्लेअरमध्ये सिरॅमिक कार्ट्रिज असतं, त्याची गोष्ट निराळी. त्याला फोनो प्रीॲम्प नको, पण समोरचा रोध दहा लाख ओमच्या आसपास लागतो. साध्या ४७ हजार ओमवर जोडलं की त्याचा खर्ज वाहून जातो. त्यामुळे आधी कार्ट्रिज कुठल्या जातीचं आहे ते पाहा. आणि सबवूफरच्या दुकानात जाण्याआधी बॅलन्सचं बटण एकदा दोन्ही टोकांना नेऊन ऐका, त्याला पैसे पडत नाहीत.