कुंपण आणि शेत

कुंपणानेच शेत खाल्ले, तर दाद कोणाकडे मागावी? ही म्हण आम्ही सांगवीत लहानपणापासून ऐकत आलो आहोत. गावात ती बहुधा संस्थांच्या कारभाराविषयी बोलताना निघते. ती माणसाच्या देहालाही लागू पडते, हे आम्हांला २०२३ सालच्या उन्हाळ्यात समजले. आणि आमच्या घरालाही लागू पडते, हे त्याच्या मागोमाग समजले. त्यातले पहिले दुःख औषधाने बरेचसे हलके झाले. दुसऱ्याविषयी लिहावे की नाही, याचा आम्ही पुष्कळ विचार केला. अखेर सौ.नेच सांगितले, "लिहा. पण तुमचंही लिहा, नुसतं माझंच नको."

आमच्या घरात पहाट तिच्या आवाजाने होत असे. गोठ्यातल्या दोन गायी, आमचा शाळेचा डबा, आमच्या मातोश्रींचे पथ्य आणि दुपारी शिलाईयंत्र, एवढे सारे ती एकहाती सांभाळीत होती. पुढे हळूहळू, इतके हळूहळू की कोणत्या महिन्यापासून ते आज सांगता येणार नाही, या घड्याळाची किल्ली उतरू लागली. पहाटे उठवेना. दुपारी शिवता शिवता डोळा लागे. गॅसवर दूध ठेवल्याचे विसरून ती अंगणात जाऊन बसे. वैशाखात पत्र्याखाली आमचा जीव कासावीस होत असताना ती गोधडी ओढून झोपे. जेवण निम्म्यावर आले तरी वजन वाढत होते. फणीत केसांचे पुंजके येत, चेहरा सुजल्यासारखा दिसे.

हे सारे आमच्या डोळ्यांसमोर होत होते. आम्ही पाहिले आणि निकाल दिला. मातोश्री म्हणाल्या, "सुनेला आता बसून खायची सवय लागली." चिरंजीव म्हणाले, "आई, तू फार मोबाईल पाहतेस." आम्ही स्वतः काय म्हणालो, ते येथे लिहिताना हात अडखळतो. एकदा गायीची धार काढायची राहिली, तेव्हा शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात आम्ही तिला आळशी म्हटले. तिने उत्तर दिले नाही. तीस वर्षे मुलांना शिकविलेल्या माणसाला एवढेही उमगू नये, की नेहमी उत्तर देणारे माणूस गप्प झाले म्हणजे काहीतरी बिघडले आहे!

औषधोपचार झालाच नाही, असे नाही. एका दवाखान्यात 'रक्त कमी आहे, वयही झाले' असे सांगून लोहाच्या गोळ्या आणि टॉनिक दिले गेले. वर्षभर तेच चालले. आम्हांलाही ते उत्तर सोयीचे होते. वयाला कोणी जबाबदार धरीत नाही.

निदानाची वाट दाखविली ती पुण्यात नोकरी करणाऱ्या आमच्या लेकीने, आणि तीही फोनवरून. रोज समोर वावरणाऱ्या आम्हांला जे दिसले नाही, ते तिला ऐकू आले. ती म्हणाली, "पप्पा, आईचा आवाज किती घोगरा झालाय. महिनाभर सर्दी राहते का कुठे? तिची थायरॉईडची तपासणी करून घ्या."

बारामतीला रक्त तपासले. ज्या 'टीएसएच'चा आकडा साधारणपणे चारच्या आत असावा, तो बासष्ट आला. रक्तातली प्रतिपिंडेही प्रमाणाबाहेर होती. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावले. गळ्याच्या पुढच्या बाजूला फुलपाखराच्या आकाराची एक लहानशी ग्रंथी असते. हृदयाचे ठोके, अंगातली ऊब, पचन, विचारांची चपळाई या साऱ्यांची गती तिच्या रसावर अवलंबून असते. तो रस कमी पडला, की मेंदूखालची ग्रंथी 'अजून दे, अजून दे' असा तगादा लावते. टीएसएच म्हणजे तो तगादा. रोगजंतूंशी लढण्यासाठी शरीराने जी प्रतिकारशक्ती बाळगलेली असते, तीच या आजारात स्वतःच्या ग्रंथीला परकी समजते आणि वर्षानुवर्षे तिला पोखरीत राहते. सौ.ने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "म्हणजे कुंपणच शेत खातंय म्हणा की!" डॉक्टर हसले आणि म्हणाले, "याहून सोपं मलाही सांगता आलं नसतं."

फलटण रस्त्याने परतताना ती मोटारसायकलवर मागे बसली होती. बराच वेळ काही बोलली नाही. गाव जवळ आले तेव्हा तिने विचारले, "अहो, म्हणजे मी आळशी नव्हते ना?"

जन्मभर गोळी घ्यावी लागेल, हे ऐकून ती रडली नव्हती. हे विचारताना मात्र तिचा आवाज फुटला. आम्ही गाडी बाजूला घेतली. क्षमा मागण्याची आमच्या घरात फारशी रीत नाही. त्या दिवशी रस्त्याच्या कडेला, जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या देखत, ती मागितली.

आजाराला नाव मिळाल्यावर आम्ही त्याविषयी वाचू लागलो. त्याचे नाव 'हाशिमोटो'. हाकारू हाशिमोटो या जपानी शल्यचिकित्सकांनी १९१२ मध्ये या विकाराचे वर्णन प्रथम प्रसिद्ध केले. त्यांनी अभ्यासलेले रुग्ण चार होते आणि चारही स्त्रिया होत्या. पुढे ते आपल्या गावी परतून डॉक्टरकी करीत राहिले आणि १९३४ मध्ये वारले. शरीर स्वतःच्याच ग्रंथीविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते, हे लंडनमध्ये डेबोरा डोनिआक, आयव्हन रॉइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये दाखवून दिले. म्हणजे हाशिमोटोंना रोग दिसला, पण कुंपणाची करणी त्यांच्या हयातीत उघडकीस आली नाही.

उपचार मात्र कारणाच्या आधीच सापडला होता. १८९१ मध्ये इंग्लंडातील न्यूकॅसलच्या डॉ. जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचून एका शेहेचाळीस वर्षांच्या स्त्रीला या ग्रंथीच्या मंदपणातून उठविले. त्यानंतर ती अठ्ठावीस वर्षे जगली, आणि तेवढ्या काळात तिच्यासाठी आठशेहून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या. पुढे एडवर्ड केंडल यांनी अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये या रसाचे शुद्ध स्फटिक वेगळे केले, ते १९१४ साली, नाताळच्या दिवशी. हे वाचून दाखविले तेव्हा सौ. म्हणाली, "आठशे मेंढ्या! आणि मी एका गोळीला कंटाळते."

कंटाळण्यासारखे त्यात होतेच. गोळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची आणि पुढे अर्धा ते एक तास चहा नाही. चहावाचून ज्या घराचे दार उघडत नाही, तेथे हे पथ्य उपासाहून कठीण. लोहाच्या व कॅल्शियमच्या गोळ्या या औषधाला शोषू देत नाहीत. म्हणून त्यांच्यात चार तासांचे अंतर ठेवायचे. मात्रा मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागात मोजायची. सहा ते आठ आठवड्यांनी रक्त तपासून ती वाढवायची किंवा कमी करायची. आमच्या घरी पंचविसापासून सुरुवात होऊन पंचाहत्तरपर्यंत जाण्यास पाच महिने लागले.

सल्लागारांना तोटा नव्हता. कोणी म्हणाले, गोळीची सवय लागते, सोडून द्या. कोणी धण्याचे पाणी सुचविले, तर कोणी आयोडीनचे मीठ भरपूर खायला सांगितले. मिठाच्या सल्ल्यामागे एक खरी गोष्ट आहे. आयोडीनच्या अभावाने गलगंड होतो; हिमालयाच्या पायथ्याशी कांग्रा खोऱ्यात डॉ. रामलिंगस्वामी यांनी १९५६ पासून केलेल्या प्रयोगातून मिठाचा गुण सिद्ध झाला. पण तो आजार निराळा, हा निराळा. येथे उणीव आयोडीनची नसते, आणि ते गरजेहून जास्त घेतल्यास अपायही होऊ शकतो. रोजच्या जेवणातले मीठ पुरेसे आहे, असे डॉक्टरांनी बजावले.

तरीही एकदा गोळी सुटली. तब्येत सुधारली, केस थांबले, पहाटे जाग येऊ लागली. मग 'आता कशाला?' म्हणून तिने ती परस्पर बंद केली. हे औषध अंगातून सावकाश उतरते. त्यामुळे पहिला आठवडा बरा गेला, दुसराही गेला, आणि तिला वाटले आपलेच खरे. महिनाभरात पुन्हा गोधडी निघाली. या वेळी मात्र आमच्यापैकी कोणी बोल लावला नाही. चिरंजीवांनी कॅलेंडरवर खुणा करण्यास सुरुवात केली.

लेकीनेही स्वतःचे रक्त तपासून घेतले. हा विकार घराण्यात उतरू शकतो आणि स्त्रियांत तो पुरुषांहून कितीतरी अधिक आढळतो. तिच्या रक्तात प्रतिपिंडे निघाली; ग्रंथीचे काम मात्र ठीक आहे. औषध नाही, वर्षातून एकदा तपासणी. ऐकून तिची आई दोन दिवस जेवली नाही. तेव्हा लेक म्हणाली, "आई, तुला कळायला किती वर्षं लागली! मला आत्ताच कळलंय. हे बरंच झालं ना?"

आपल्या देशातील आठ शहरांतील प्रौढांची पाहणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. मुंबई आणि गोवा त्यांत होते. शंभरांत सुमारे अकरा जणांची ही ग्रंथी मंद असल्याचे तीत आढळले. ही शहरांतली गणती. सांगवीसारख्या गावात किती गोधड्यांखाली हे दुखणे 'आळस' या नावाने निजले असेल, याचा विचार मनात येतो. म्हणून वाचकांना एवढीच विनंती, की घरातले कामसू माणूस विनाकारण मंदावले, तर त्याला नाव ठेवण्यापूर्वी त्याचे रक्त तपासून घ्यावे.

सारे पूर्ववत झाले, असे म्हणवत नाही. काही दिवस अजूनही जड जातात. त्या दिवशी शिलाईयंत्रावर कापड झाकलेले राहते आणि धार आम्ही काढतो. आमच्या हाताला गाय अजून सरावलेली नाही, लाथ झाडते. मातोश्रींनी 'चुकले' असे शब्दांत कधी म्हटले नाही. पण पहाटे साडेपाचला पाण्याचा पेला आणि गोळी घेऊन सुनेच्या उशाशी त्याच उभ्या असतात. नंतर घड्याळाकडे पाहत बसतात, आणि अर्धा तास झाल्याखेरीज चुलीवर चहाचे आधण ठेवू देत नाहीत. तोवर स्वतःही चहा घेत नाहीत.