बघायला ठेवलेले

भायखळ्याच्या राणीच्या बागेत २०१६ साली दक्षिण कोरियातून आठ हम्बोल्ट पेंग्विन आणले गेले. त्यांतला एक त्याच वर्षी दगावला. २०१८च्या १५ ऑगस्टला तिथे पहिलं पिल्लू जन्मलं, त्याच्या कौतुकाच्या बातम्या आल्या, आणि थोड्याच दिवसांत तेही गेलं. पुढची पिल्लं जगली, कुटुंब वाढलं. देखभाल करणारी माणसं जीव लावून काम करतात, याबद्दल मला शंका नाही. पण पेरू-चिलीच्या थंड किनाऱ्यावरचा हा पक्षी मुंबईच्या दमट उकाड्यात, यंत्रांनी गार ठेवलेल्या काचेच्या दालनात आला तो कुणाच्या गरजेपोटी? त्याच्या खचितच नाही.

वन्यप्राण्याला कोंडायचं असेल तर त्याचं कारण त्या प्राण्याच्या भल्यात सापडायला हवं, असं मला वाटतं. आपल्याला तो बघायचा आहे, हे कारण मला पुरत नाही.

जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे. तिथल्या बंदिवासाचा विचार करताना मात्र मी अडखळते. उसात जन्मलेले, उसातच वाढलेले हे बिबटे. कुणी जखमी होऊन आलेला, कुणी गावकऱ्यांच्या भीतीमुळे पकडलेला. ती भीती खोटी नाही. त्या पट्ट्यात घरातली माणसं गेली आहेत. ज्याला पुन्हा शिकार करता येणार नाही, त्याला पिंजऱ्यात खाऊ घालणं ही दयाच. पण जो धडधाकट आहे, त्याचं काय?

२००९मध्ये टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून एका बिबट्याला बाहेर काढलं. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला रेडिओ कॉलर लावली आणि माळशेज घाटात सोडलं. त्याचं नाव ठेवलं आजोबा. हा आजोबा महिनाभरात सुमारे १२० किलोमीटर चालून मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाशी पोचला. मधले रूळ, रस्ते, वस्त्या त्याने रात्रीच्या अंधारात गुपचूप ओलांडल्या. एवढी वाट ज्याच्या पायात असते, त्याच्याच जातीचं जनावर पिंजऱ्यात त्याच कोपऱ्यावरून वळताना, पंजा त्याच फरशीवर टेकवताना मी पाहिलं आहे. आजूबाजूची मुलं ‘बघ, बघ, कसा चालतोय’ म्हणत होती. त्या येरझाऱ्यांना चालणं म्हणवत नाही. २००३ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या एका अभ्यासाने दाखवलं, की ज्या मांसभक्षकांची रानातली हद्द मोठी, त्यांच्यातच बंदिवासातल्या अशा येरझाऱ्या आणि पिल्लांचे मृत्यू अधिक. हत्तींच्या बाबतीत तर आपल्या केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणानेच २००९ साली त्यांना प्राणिसंग्रहालयांतून हलवायला सांगितलं होतं.

बंदिवासाने वाचवलेलेही आहेत. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅकने गिधाडं संपत आली, तेव्हा हरियाणात पिंजोरला त्यांची पैदास सुरू झाली. तिथली काही गिधाडं २०२४मध्ये ताडोबा आणि पेंचला आणली गेली. हा पिंजरा मला मान्य आहे, कारण त्याचं दार बाहेरच्या दिशेने उघडतं.

सगळ्यात अवघड प्रश्न चाळीतल्या मुलाचा. ताडोबाची सफारी त्याच्या आईबापांना परवडत नाही; त्याने वाघ कुठे पाहायचा? ही विषमता मला बोचते. पण तिची भरपाई वाघाने का करावी? राणीच्या बागेत उर्वशीचं झाड फुलतं, गोरखचिंचेचा अवाढव्य बुंधा आहे, दीडशे वर्षांहून जुन्या या बागेत मोकळे पक्षी आहेत. तिथे त्या मुलाचं बोट धरून सावकाश हिंडणारं, नावं सांगणारं कुणीतरी हवं. आणि पालिका शाळांच्या सहलींना रानात नेण्याचा खर्च एखादं काचेचं दालन बांधण्यापेक्षा कितीतरी अधिक सत्कारणी लागेल.

जे आज आत आहेत, त्यांतल्या बहुतेकांना सोडून देता येणार नाही. त्यांना ऐसपैस जागा, आडोसा आणि लोकांच्या नजरेपासून लपण्याची मुभा मिळायला हवी. मात्र केवळ बघण्यासाठी नवा प्राणी विकत किंवा अदलाबदलीत आणू नये, आणि पिल्लं गर्दी खेचतात म्हणून पैदास करू नये. आपापल्या नगरसेवकाकडे ही मागणी लेखी करा.