दहा रुपयांचं तेल

2 जून 2025, सोमवार
महागाईच्या निर्देशांकासाठी भाव टिपायची महिन्याची पहिली फेरी. सोलापूरची लक्ष्मी मंडई, मग नेहमीची दुकानं. तीच दुकानं, तोच वाण, तेच माप. त्यात बदल केला तर मागच्या महिन्याशी ताडून बघायला काही उरत नाही.
तूरडाळ सुटी, मध्यम, किलोला 116. मागच्या खेपेला 120 होती. शाळू 52. सोयाबीन तेल, एक लिटरची पिशवी, 148.
बिस्किटाचा पुडा पाचलाच. उलटा करून वजन वाचलं. 50 ग्रॅम. मेमध्ये 55 होतं. दुकानदार म्हणाला, "ताई, भाव कुठं वाढलाय? पाचच लिहा." पाच लिहिले, पुढं वजनही लिहिलं. भाव दहा टक्के वाढलाय.

3 जून
न्यू जर्सीहून दादाचा फोन. केस कापायला 25 डॉलर, वर बक्षिसी. आईनं तिथंच तोंडी हिशेब केला, एकवीसशेच्या वर. "अरे, एवढ्यात इथं दोन वर्षं केस कापून होतील!"
अशोक चौकात 80 रुपये. तीच कात्री, तीच वीस मिनिटं.
तुझा पगार डॉलरात किती होतो, असं दादानं विचारलं. सांगावंसं वाटलं नाही.

4 जून
बातमी: कच्च्या खाद्यतेलावरचं आयात शुल्क 20 वरून 10 टक्क्यांवर. पाम इंडोनेशिया-मलेशियाचं, सोयाबीन अर्जेंटिनाचं, सूर्यफूल रशिया-युक्रेनचं. फोडणी सोलापूरची.
भाव उतरायला हवा. बघू.

5 जून
दादाचा प्रश्न डोक्यातून जात नाही.
बाजारातला डॉलरचा दर ठरतो तो सीमा ओलांडणाऱ्या मालावर आणि पैशावर. न्हाव्याची वीस मिनिटं बोटीत भरता येत नाहीत. म्हणून देशादेशांतले भाव गोळा करून खरेदीच्या ताकदीचा वेगळा दर काढतात. 2017 च्या फेरीत बाजारात डॉलरला 65.12 रुपये होते, या हिशेबानं 20.65. म्हणजे आमचा रुपया घरात तिपटीनं चालतो.
2021 च्या फेरीत 176 अर्थव्यवस्था होत्या. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी दुकानाच्या फळीपुढं उभं राहून भाव विचारला असणार.
वस्तू दोन्हीकडं सारखी हवी, आणि तिथले लोक ती रोज खात असायला हवेत. दोन्ही एकदम जमवणं अवघड. न्यू जर्सीत शाळू कोण खातं? इथं चीज किती घरांत येतं?

7 जून
जागतिक बँकेनं गरिबीची रेषा दिवसाला 2.15 डॉलरवरून 3 डॉलरवर नेली. ऑफिसात एक जण म्हणाला, "म्हणजे अडीचशे रुपये की!" नव्हे. हे खरेदीच्या ताकदीचे डॉलर. 2021 च्या भावानं साठ रुपयांच्या आसपास.
दुपारी डबा उघडला. साठ रुपयांत काय काय बसतं ते मोजत राहिले. घास उतरेना.

9 जून
पूर्व भागात विड्या वळणाऱ्या अक्कांकडं गेले. मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू. हात थांबत नाहीत. हजार विड्या झाल्या की पैसे.
"अक्का, डाळ स्वस्त झाली."
"झाली असंल. आमी मसूर आणतो आता."
त्यांची नात वाटी घेऊन तेल आणायला निघाली. दहा रुपयांचं. तिच्याबरोबर गेले. परत आल्यावर तेल औषधाच्या मापानं मोजलं. दहा मिलीचं माप, पाच वेळा भरलं, सहाव्यांदा निम्मं. 55 मिली.
लिटरला 182 रुपये पडले. माझ्या तक्त्यात 148.

10 जून
रात्री झोप नाही. 148 खोटं नाही. 182 ही खोटं नाही. एकरकमी 148 ज्याच्या हातात आहेत त्याला तेल स्वस्त.

12 जून
मे महिन्याचा आकडा आला. किरकोळ महागाई 2.82 टक्के. सहा वर्षांत एवढी कमी नव्हती.
अक्कांना सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत. सूप पुढं ओढलं.

13 जून
निर्देशांकात शंभरातले 45.86 खाण्यापिण्याचे. वाटे 2011-12 च्या घरखर्चावरून पाडलेले. तेव्हा मोबाइलचा रिचार्ज किती घरांत होता? रेशनचा तांदूळ 2023 पासून फुकट. त्याच्या रकान्यात काय भरायचं?
अक्कांच्या नातीला वही दिली. रोजचा खर्च लिही म्हटलं.

15 जून
आमचे आबा सांगायचे ते आठवलं. साठच्या दशकात मुंबईच्या कामगारांनी निर्देशांकावरच बोट ठेवलं होतं. भाव चढतात, आकडा चढत नाही, महागाई भत्ता बुडतो. सरकारला लकडावाला समिती नेमावी लागली. आकडा कमी दाखवला जात होता, हे समितीनं मान्य केलं.
आबांच्या तोंडी 'इंडेक्स' हा शब्द भाकरीसारखा यायचा.

20 जून
पाऊस. टॅब पिशवीत गुंडाळून फिरले.

24 जून
नातीची वही पाहिली. अक्षर नेटकं. अकरा दिवस. तेल 10. तेल 10. मसूर पाव. चहापत्ती 5. डॉक्टर 150. तेल 10.
शंभरातले सत्तर खाण्यावर.

27 जून
साहेबांना वही दाखवली. त्यांनी शेवटच्या पानापर्यंत वाचली. "नमुन्यातली दुकानं ठरलेली आहेत. मध्येच बदलता येत नाहीत." खरं आहे. मीही नव्या पोरांना हेच शिकवते.
उठताना म्हणाले, "पण लिहीत राहा."

30 जून
दादाचा फोन. या वेळी मीच विचारलं, घरभाडं किती, आजारी पडलास तर किती? बराच वेळ बोलला. पगारातलं हातात काय उरतं ते पहिल्यांदाच सांगितलं. मग मीही माझा सांगितला. रुपयांत.

2 जुलै
फेरी. तूरडाळ 114. शाळू 52. बिस्किट पाचला 50 ग्रॅम. सोयाबीन तेल, एक लिटरची पिशवी, 142. सहा रुपयांनी उतरलं.
संध्याकाळी अक्कांच्या गल्लीतलं दुकान. टॅबमध्ये या दुकानाला जागा नाही. या वहीत शेवटच्या पानावर रकाने आखले. माप पर्समध्ये होतंच.
तेल, दहा रुपयांचं. पाच वेळा भरलं, सहाव्यांदा निम्मं.
55 मिली.