पाहुण्याची वही, यजमानाची बोली

मम्मटाने काव्यहेतू सांगताना शक्ती आणि अभ्यास यांच्या जोडीला निपुणता ठेवली आणि ती लोक, शास्त्र व काव्य यांच्या अवेक्षणातून येते असे मानले. यांतील ‘लोक’ हा शब्द आपल्या समीक्षेने काहीसा सैलपणे वापरला आहे. अवेक्षण करणारा कोठे उभा आहे, हा प्रश्न त्यामुळे बाजूला पडतो. मित्राच्या घरी चार दिवस राहायला गेलेल्या लेखकाच्या बाबतीत मात्र तो टाळता येत नाही. स्वतःच्या घरी सुचेनासे झालेले दुसऱ्याच्या ओटीवर सुचू लागते, हा अनुभव अनेकांचा आहे. त्या सुचण्याचे स्वरूप क्वचितच तपासले जाते.

वसईचे उदाहरण घ्यावे. विरारच्या गाडीने येणाऱ्या लेखकाला येथे आयती प्रतिमासृष्टी मिळते. केळीच्या बागा, पानवेली, बावखलाचे हिरवे पाणी, चर्चची घंटा, १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी घेतलेला किल्ला, सोपाऱ्याचा स्तूप आणि तेथे सापडलेले अशोकाच्या लेखांचे तुकडे. दोन दिवसांत वही भरते. तीत मित्र असतो तो केवळ वाट दाखवण्यापुरता. मग एखाद्या संध्याकाळी मित्राची आई माजघरातून काही विचारते आणि इतका वेळ प्रमाण मराठीत बोलणारा मित्र सामवेदी बोलीत, ज्या बोलीला कादोडी असेही म्हणतात, उत्तर देऊन जातो. पाहुण्याला त्यातले निम्मेच कळते. वर्षानुवर्षांच्या मैत्रीत जे उघडले नव्हते असे एक घर त्या अर्धवट कळण्यातून जाणवते. खरी प्रेरणा येथे सुरू होते. आधी भरलेली पाने ही केवळ नोंद होती.

कोलरिजच्या चरित्रातील दोन प्रसंग या संदर्भात बोलके आहेत. १७९७ च्या उन्हाळ्यात चार्ल्स लॅम त्याच्याकडे नेदर स्टोई येथे आला. पाय भाजल्यामुळे यजमानाला पाहुण्यांबरोबर फिरायला जाता आले नाही. झाडाखाली बसून त्याने मित्र काय पाहत असतील याची कल्पना करीत कविता रचली. म्हणजे भेटीची प्रेरणा पाहुण्याला नव्हे, यजमानाला झाली. सवयीचा परिसर त्याला मित्राच्या डोळ्यांनी नव्याने दिसला. पुढे १८१६ साली ‘कुब्ला खान’ला जोडलेल्या प्रस्तावनेत त्याच कवीने कविता तुटल्याचे कारण म्हणून पोरलॉकहून आलेल्या एका माणसाकडे बोट दाखवले. तो मैत्रीखातर नव्हे, कामासाठी आला होता. वही घेऊन मित्राच्या वाडीत शिरणारा लेखक या दोघांपैकी कोणाच्या अधिक जवळचा, याचे उत्तर गृहीत धरता येत नाही.

वसईच्या यजमानांनी स्वतः लेखणी हाती घेतल्यावर हा प्रश्न अधिक तीव्र होतो. नंदाखालला जन्मलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी १९८३ ते २००७ या काळात ‘सुवार्ता’चे संपादन केले, हरित वसईच्या लढ्याचे नेतृत्व केले आणि २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवले. पाहुण्याच्या लेखी जो निसर्ग, तो येथे पाणी, जमीन आणि वारसा यांचा प्रश्न आहे. बावखल हे शोभेचे तळे नव्हे. ते पावसाचे पाणी धरते, जमिनीत मुरवते, आसपासच्या विहिरींना जगवते. ते बुजवून इमारत उभी राहिली की रहाटापाठोपाठ तो शब्दही बोलण्यातून जातो आणि मग केवळ पाहुण्याच्या वहीत स्थानिक रंग म्हणून उरतो. २००९ मध्ये महानगरपालिका झालेल्या या भागात ही भीती काल्पनिक नाही.

यावरून परक्याने लिहूच नये, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. तसे म्हटले तर लोकावेक्षणाचाच निषेध होईल, आणि बाहेरच्या नजरेवाचून आतल्यालाही आपले अंगण नेहमीच दिसते असे नाही. मात्र मित्राच्या घरी मिळालेली प्रेरणा ही उसनवारी आहे, याची जाणीव संहितेच्या रचनेत उतरली पाहिजे. मित्र त्या लेखनात आपल्या शब्दांत बोलतो का, त्याला लेखकाशी असहमत होता येते का आणि न समजलेले निम्मे वाक्य लेखकाने न समजलेलेच राहू दिले आहे का, या कसोट्या समीक्षकाने शैलीच्या चर्चेआधी लावाव्यात.