चिखलातले कासव

दिवा मालवण्यापूर्वी तैवानचे व्यंगचित्रकार त्साय चिह-चुंग यांनी १९८६ साली चित्रकथांत उतरवलेला प्राचीन चिनी ताओवादी तत्त्वज्ञ च्वांगत्सू पुन्हा चाळला. पू नदीकाठी गळ टाकून बसलेल्या या अवलियाला छू राज्याच्या कारभाराची वस्त्रे देऊ करणारे दोन अंमलदार, आणि मान वळवण्याचीही तसदी न घेता, राजाच्या देवघरात ३००० वर्षे पेटीत जपलेल्या मृत कासवापेक्षा चिखलात शेपूट ओढणारे जिवंत कासव सुखी नव्हे काय, असे त्यांनाच विचारणारा तो! ताओवरील जडजंबाल भाष्यग्रंथ वाचून जे उमगले नव्हते, ते त्साय यांच्या मोजक्या रेषांनी, तेही हसवत, गळी उतरवले. अर्थात विनोद मूळचा च्वांगत्सूचाच, भाष्यकारांनीच तो बासनात बांधून ठेवला होता. बढतीच्या अर्जाचा मसुदा मात्र अजून मेजावर तसाच पडला आहे.